मी निवडलेल्या काळ्या कुंड्या

गॅलरीतल्या झाडांसाठी कुंड्या निवडण्याचं काम मी आयुष्यात एकदाच केलं. त्यानंतर आमच्या घरात मला कोणी साधी मेथीची जुडीसुद्धा निवडायला दिलेली नाही.

मी शहाद्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपवावंसं वाटेल असे बरेच प्रसंग आहेत. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेला. घरात मी, बायको सुनीता आणि गेली दोन वर्षं माझी माय. वडील गेल्यावर म्हसावदच्या घरात ती एकटी राहीना, म्हणून मी तिला इकडे आणलं. येताना पिकअपमध्ये तिची एक पेटी होती आणि अकरा झाडं.

झाडं म्हणजे नुसती झाडं नव्हेत. प्रत्येक झाडाला त्याचं भांडं होतं, आणि एकाचं भांडं दुसऱ्यासारखं नव्हतं. मोगरा तेलाच्या पंधरा किलोच्या चौकोनी डब्यात, कढीपत्ता रंगाच्या बादलीत, पुदिना कान तुटलेल्या कुकरात. तुळस एका चेपलेल्या हंड्यात होती. एक कोरफड तर अशा पातेल्यात होती की ज्यात माझ्या बारशाची खीर शिजली होती म्हणे. (खरं खोटं माहीत नाही. बारशाला मी हजर होतो, पण आठवत नाही.) ही सगळी वरात गॅलरीत ओळीने बसली आणि दोन वर्षं नुसती माजली. मोगऱ्याच्या कळ्या माय रोज संध्याकाळी पदरात गोळा करायची. पाच-सात सुनीताला द्यायची, उरलेल्या वडिलांच्या फोटोपुढे ठेवायची.

यात दुरुस्त करण्यासारखं काही होतं का? नव्हतं. पण मी निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर माणसाला दोन दुखणी लागतात. एक गुडघ्याचं आणि दुसरं सुचण्याचं. मला दुसरं आधी लागलं. दिवसभर मोबाईलवर मी दुसऱ्यांच्या गॅलऱ्या पाहू लागलो. काय त्या गॅलऱ्या! एका रंगाच्या, एका उंचीच्या कुंड्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. मग मान वर करून आमच्या गॅलरीकडे पाहिलं की भंगारच्या दुकानात कोणीतरी बाग लावल्यासारखं वाटायचं.

मार्चमध्ये माय माझ्या बहिणीकडे खापरला गेली. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, आणि गेल्यासारखं महिनाभर राहणार होती. निघताना तिने आपल्या अहिराणीत मला एवढंच सांगितलं, "झाडेसले पानी देजो. जास्त नको देऊ."

बस हलली आणि माझ्या मनात आलं, हीच संधी आहे. माय परत येईल तेव्हा गॅलरी अशी करून ठेवू की तिला ओळखू येणार नाही. (हे मात्र मी अगदी ठरवल्याप्रमाणे करून दाखवलं.)

"आईंना फोन करून विचारा," सुनीता म्हणाली. ती नाशिकची, त्यामुळे शांतपणे बोलते आणि म्हणून मी ऐकत नाही.

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"मग निदान कुंभाराकडच्या मातीच्या घ्या. हलक्या असतात, गार राहतात."

मातीच्या कुंड्या मोबाईलवर कुठे दिसल्या नव्हत्या. आम्ही दोंडाईचा रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे सिमेंटच्या, फायबरच्या, चिनी मातीच्या, हत्तीच्या आकाराच्या, बदकाच्या आकाराच्या अशा कुंड्या होत्या, आणि एका कोपऱ्यात होत्या त्या. लांबट, लोखंडी, काळ्याभोर. प्रत्येक तीन हात लांब. पाहताक्षणी मी ठरवलं. आमच्या गॅलरीच्या ग्रीललाही अलीकडेच काळा रंग दिला होता.

दुकानदार पुढे आला आणि माझ्या पाया पडला. प्रवीण, माझा जुना विद्यार्थी. आता त्याच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस होते.

"सर, गॅलरी कोनत्या तोंडनी शे?" त्याने विचारलं.

"पश्चिमेची."

"मग काळ्या नका लेवू सर. काळा रंग उष्णता शोसस. आपला उन्हाळा तुम्हले माहीतच शे." त्याने आवाज जरा उतरवला. "अकरावीले तुम्हीच शिकाडेल शे."

"ते परीक्षेपुरतं होतं," मी म्हणालो.

सुनीता बदकाच्या कुंडीकडे पाहत राहिली. प्रवीणने तरी पुन्हा एकदा माझ्या भल्याचा प्रयत्न केला. या कुंड्या घरात, हॉलमध्ये ठेवायच्या आहेत, त्यांच्या बुडाला छिद्र नाही, दुकानात ड्रिल आहे, पाच मिनिटांत पाडून देतो, असं त्याने सांगितलं. पण छिद्र नाही हे ऐकून मला उलट आनंद झाला. आमच्या खाली तळमजल्यावर ताराकाकू राहतात. मायच्या डब्यांतून त्यांच्या अंगणात थेंब थेंब पाणी पडायचं आणि काकूंनी एकदा फार सौम्यपणे सांगितलं होतं, "सर, सकायले वरथीन पानी टपकस." छिद्रच नाही म्हटल्यावर टपकणार कुठून?

"छिद्र नको," मी प्रवीणला म्हणालो. "यामागे एक विचार आहे."

प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे मी वर्गात असंच पाहायचो.

चार कुंड्या घेतल्या. जिन्याच्या वळणावर पहिलीच कुंडी अशी अडकली की तासभर वरचे वर आणि खालचे खाली. चार माणसं लागली. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, यामा काय लावनार, चिंच का?" मला त्याचा राग आला, पण कुंडीचं एक टोक त्याच्या हातात होतं.

मग झाडं हलवायला घेतली. बाकीची मुकाट निघाली, मोगरा निघेना. मी बुंधा धरून ओढतोय, सुनीता डबा धरून ओढतेय, आणि मोगरा दोघांच्या मध्ये. शेवटी पत्र्याची कात्री आणून मी डबा वरपासून खालपर्यंत कापला. आत मुळांनी डब्याचाच आकार घेतला होता. नीट चौकोनी, चारही कोपऱ्यांसकट. तो मुळांचा ठोकळा उचलताना अर्धी माती खाली सांडली आणि बरीच मुळं तुटली. तेव्हा क्षणभर मला वाटलं होतं की आपण काहीतरी चुकीचं करतोय. पण एवढ्या पुढे आल्यावर असं वाटून उपयोग नसतो.

गल्लीतून जाणाऱ्या भंगारवाल्याला मी हाक मारली. डबे, बादली, हंडा, पातेलं सगळं दिलं. कुकर हातात घेऊन तो म्हणाला, "सर, हाऊ ते चांगला शे, कान बसाडा का चाली." मी म्हटलं, घेऊन जा. रिकामी गॅलरी झाडली, पुसली, चार काळ्या कुंड्या कठड्याला लावून ठेवल्या आणि फोटो काढला. फोटो खरोखर सुंदर आला. त्या बागेचं आयुष्यातलं चांगलं असं तेवढंच.

चौथ्या दिवशी पुदिना गेला. मी पाणी वाढवलं. आठवड्याने कढीपत्त्याची पानं पिवळी पडली, मी आणखी पाणी घातलं. झाड मान टाकतंय म्हणजे त्याला तहान लागली आहे, असा माझा सरळ हिशोब होता. पाणी बाहेर जायला वाट नाही हे मी विसरलो होतो. किंबहुना तीच तर माझी युक्ती होती.

"अहो, गॅलरीतून वास येतोय," सुनीता म्हणाली.

"मातीचा आहे."

"माती अशी वास मारत नाही."

एप्रिल लागला होता. दुपारी तीनला ऊन कठड्यावरून थेट कुंड्यांवर यायचं. मला शास्त्रीय शंका आली, म्हणून घरातला प्रयोगशाळेचा जुना थर्मामीटर काढून मोगऱ्याच्या मातीत खोचला. पारा त्रेपन्नावर जाऊन थांबला. हिवाळ्यात आमचं अंघोळीचं पाणीसुद्धा एवढं तापत नाही.

सुनीताने वाकून थर्मामीटर वाचला. "तुम्ही झाडं लावली आहेत की शिजायला ठेवली आहेत?"

दुसऱ्या दिवशी शेजारून ड्रिल आणि पहार आणली, कुंड्यांची टोकं उचलून खाली विटांचे थर सरकवले आणि गॅलरीत उताणा झोपून चारही कुंड्यांच्या बुडाला भोकं पाडली. तीन आठवड्यांचं काळंशार, कुजकं, गरम पाणी एकदम सुटलं. निम्मं माझ्या अंगावर आलं. उरलेलं गॅलरीच्या पन्हाळीतून खाली गेलं.

त्या दिवशी सकाळपासून खालून बायकांच्या हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. वाकून पाहावं असं मला काही सुचलं नाही. ताराकाकूंनी अंगणात दोन खाटांवर धुतलेली लुगडी अंथरून वर्षाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, चांदण्यांसारख्या. पन्हाळ बरोबर पहिल्या खाटेच्या मध्यावर होती.

खालचं हसणं बंद झालं. मी चिखलाने माखलेलं डोकं कठड्यावरून बाहेर काढलं.

"सर," ताराकाकू वर पाहून म्हणाल्या, "हाई काय पडी ऱ्हायनं?"

"पाणी आहे, काकू."

"काय पानी शे?"

मी बराच वेळ योग्य शब्द शोधला. "झाडांचं," मी म्हणालो.

काकूंनी एक कुरडई उचलली, वास घेतला, परत ठेवली. "गहू तीन दिन भिजाडेल व्हतात," एवढंच त्या म्हणाल्या आणि लुगड्याची टोकं गोळा करू लागल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गहू पुन्हा भिजवले. या वेळी आमच्या घरात, आणि तीन दिवसांनी गच्चीवर आम्ही नवराबायको काकूंच्या हाताखाली कुरडया घालायला बसलो. सोऱ्या फिरवायचं काम माझ्याकडे. ऊन डोक्यावर, चीक गरम, सोऱ्या सारखा घसरत होता. माझ्या कुरडया पाहून काकू म्हणाल्या, "सर, हाई कुरडई शे का जिलबी?" त्या हसल्या तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. नेमका तेव्हाच बहिणीचा फोन आला.

"नाना, माय उद्याच्या गाडीनं येतेय," ती म्हणाली. "ऐकतच नाही. म्हणते, मोगऱ्याले कळ्या ऊन्या व्हतीन, कोन तोडी?"

मोगऱ्याची तोवर काडी झाली होती. मी नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी नर्सरीत गेलो आणि तेवढ्याच उंचीचा, कळ्या आलेला मोगरा आणला. कढीपत्ता, पुदिना, तुळस, सगळं नवं आणलं, कुंड्यांत लावलं, वर जुनी माती भुरभुरवली. मग डब्यांसाठी भंगारवाल्याचं घर शोधत गेलो. तो जेवत होता. "डबा ते गयात सर," तो म्हणाला. "दाबीसन, ट्रकमा." कुकर मात्र त्याच्या चुलीजवळ होता, नवा कान बसवलेला. त्यात त्याची डाळ शिजली होती. मी तो मागितला नाही. एवढी अक्कल त्या महिन्यात पहिल्यांदाच सुचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय आली. पिशवी खाली ठेवली, पाय धुतले आणि सरळ गॅलरीत गेली. मी मागे उभा. तिने मोगऱ्याचं एक पान बोटांत धरलं, सोडलं.

"हाऊ मन्हा मोगरा नही शे."

मी कठड्यावरची माती पुसू लागलो.

"मरी गया का?"

"हो, माय."

"आनि डबा?"

मी सांगितलं. कात्रीचंही सांगितलं. तिने वाकून दोन्ही हातांनी कुंडी ढकलून पाहिली. कुंडी जागची हलली नाही. मग पायाने रेटून पाहिली.

"हाई सरकाडू कशी?" तिने विचारलं.

"सरकवायची कशाला?"

"दुपारले." आणि मग तिने जे सांगितलं ते मला दोन वर्षांत कधी दिसलं नव्हतं. रोज दुपारी मी जेवून आडवा झालो की ती अकराच्या अकरा भांडी एक एक करून कठड्यापासून भिंतीच्या सावलीत ओढायची. ऊन उतरलं की परत जागेवर. "तुन्हा बा बी तेच करे म्हसावदले," ती म्हणाली. "म्हने, हालकं भांडं ठेव. नहीते आपलं वय व्हयनं का झाडबी जास."

दुपारच्या वेळी काहीतरी घासल्याचा आवाज मला रोज यायचा. वरच्या मजल्यावरचे लोक खुर्च्या ओढतात असं समजून मी दोनदा त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो होतो. दुसऱ्या वेळी तर घन पदार्थांतून ध्वनी कसा वाहतो यावर थोडं बोललोही. बिचाऱ्या गृहस्थाने सगळ्या खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसवून घेतली. आवाज काही थांबला नाही, आणि मी त्याच्याशी बोलणं सोडलं. भिंतीपलीकडे माझी सत्त्याहत्तर वर्षांची माय उन्हात वाकून डबे ओढत होती आणि मी पंख्याखाली कूस बदलत होतो.

माय रागावली नाही. रागावण्याची मी तयारी केली होती, न रागावण्याची काहीच तयारी नव्हती. तिने नर्सरीच्या मोगऱ्यालाही पाणी घातलं. त्याला मोठी मोठी फुलं आली, अगदी फोटोत असतात तशी. वास जवळजवळ नव्हता. "फूल चांगलं शे," माय म्हणाली, पाहुण्याच्या मुलाला चांगलं म्हणतात तसं. पण पदरात गोळा करणं तिने बंद केलं.

मी म्हसावदला जाऊन आलो. जुन्या मोगऱ्याची फांदी मायने तीन घरी दिलेली होती, तिन्ही दारं वाजवली. एका घरी अंगणाला सिमेंट झालं होतं. दुसऱ्या घरचा शेळीने खाल्ला होता. तिसऱ्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "व्हता ना, नाना. मागला साल वाळना. मीच तुम्हनी मायकडथीन फांदी लेनार व्हती." चहा पिऊन मी परत आलो. मायला कुठे गेलो होतो ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, नुसतं माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं.

काळ्या कुंड्यांपैकी दोन आता हॉलमध्ये आहेत. एकीत छत्र्या असतात, एकीत चपला, आणि उरलेल्या दोन नव्या झाडांसकट हलवायला अजून चार माणसं मिळालेली नाहीत म्हणून गॅलरीच्या दाराशीच आहेत.

पावसाळा मध्यावर आल्यावर एक दिवस माय आपण होऊन म्हणाली, "चाल, बजारमा जाऊत." मला वाटलं भाजी घ्यायची असेल. ती मला एसटी स्टँडजवळच्या फरसाणवाल्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे तेलाचे रिकामे डबे रचून ठेवले होते. माय एकेक डबा बोटाने वाजवून, उचलून, वजन पाहून बाजूला ठेवू लागली. मला हात लावू दिला नाही. अर्ध्या तासाने एक पसंत पडला.

"कशासाठी, माय?"

"त्या नवा मोगरासाठे. त्यानी काय चूक शे?"

मी दुसरीकडे पाहिलं. फरसाणवाला म्हणाला, "आजी, छिद्र पाडी देऊ का?" माय म्हणाली, "नको. हाऊ पाडी," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने खिळा आणि हातोडी दिली. मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो आणि फार मन लावून छिद्रं पाडायला घेतली. चार कोपऱ्यांना चार, मधोमध एक. एक ठोका अंगठ्यावर बसला, तरी मी ठोकत राहिलो. माय समोर उभी राहून पाहत होती. कितीतरी दिवसांनी तिने माझ्यावर काही काम सोपवलं होतं.

"व्हयनात पाच?" तिने विचारलं.

"झाली."

"आते डबा उलटा कर आनि खालथीन पाड. हाई झाकननी बाजू शे, हाई ते कापी टाकनी शे."

मी डब्याकडे पाहिलं. कोपऱ्यात तेल ओतायचं तोंड होतं. पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"अगं माय, मग पहिलं छिद्र पाडलं तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"दिसनं व्हतं माले," माय म्हणाली. "पन वाटनं, शिकेल मानूस शे, काही इचार करीसन करी ऱ्हायना व्हई."